पहिल्या संकराची गाय दणकट, तिची कालवड नाजूक – असं का होतं?

कडबाकुट्टी
गोठ्यात सध्या दोन पिढ्या शेजारी शेजारी बांधलेल्या आहेत, त्यामुळे फरक रोज डोळ्यांसमोर असतो. थोरल्या गाई गीरला एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीचं) रेतन करून झालेल्या, म्हणजे निम्म्या-निम्म्या. त्यांनी कधी त्रास दिला नाही. दूध सतरा-अठरा लिटरच्या आसपास, विल्यावर वेळेत माजावर येतात, पहिल्या नाहीतर दुसऱ्या रेतनात गाभण राहतात. उन्हाळ्यात दूध थोडं कमी होतं, पण वैरण टाकून उभ्या राहत नाहीत.

त्यांनाच पुन्हा एचएफच्या वीर्याची कांडी भरून या धाकट्या कालवडी झाल्या. अर्ध्या रक्तावर एवढं दूध तर पाऊण रक्तावर किती, असं रेतनवाल्यापासून डेअरीवाल्यापर्यंत सगळेच सांगत होते. विल्यावर पहिले दोन महिने दूध खरंच दीड-दोन लिटरने जास्त दिलं. नंतर उलटायला लागल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण राहीनात. गोचीड ताप यांनाच आला, शेजारी बांधलेल्या आयांना नाही. दुपारी दोनला बघावं तर कोपरं बाहेर काढून उभ्या, मान पुढे ताणलेली, तोंडाला फेस आणि बरगड्या भात्यासारख्या. खाली बसत नाहीत, गव्हाणीकडे वळत नाहीत. थोरली शेजारीच निवांत रवंथ करत असते.

मग संकराने उत्पादन वाढतं हे खरं मानायचं की नाही? पहिल्या पिढीला जे मिळालं ते दुसऱ्या पिढीत कुठे गेलं? आणि या कालवडी आता कोणत्या वळूवर भरवाव्यात? गोठ्यात अनुभव घेतलेल्यांनी लिहा.

तिरकस
सासू दणकट आणि सून नाजूक हा प्रश्न गोठ्यापुरता नाही हो.

गणिती_बैल
कडबादादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. कंटाळा आला तर सोडून द्या.

दोन वेगळ्या जातींचा संकर केला की पोराला प्रत्येक जनुकाची एक प्रत एका जातीची आणि दुसरी प्रत दुसऱ्या जातीची मिळते. एका जातीत दडलेला दोष दुसऱ्या जातीची चांगली प्रत झाकून टाकते. त्यामुळे पोरं आई-बापांच्या सरासरीपेक्षा जितकी वर जातात तो संकरजोम, म्हणजे हेटरोसिस. हा शब्द शल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ साली मक्याच्या संदर्भात वापरात आणला.

तुमच्या थोरल्या गाईंमध्ये सगळ्या जोड्या गीर-एचएफ अशा आहेत. जोम १०० टक्के. त्यांना पुन्हा एचएफ दिलं की कालवडीला बापाकडून एचएफच येणार आणि आईकडून निम्म्या वेळा एचएफ, निम्म्या वेळा गीर. म्हणजे मिश्र जोड्या उरल्या ५० टक्के. रक्त पाऊण झालं आणि जोम अर्धा झाला. या दोन्ही गोष्टी एकाच रेतनात घडल्या, आणि लोक बोलताना फक्त पहिली धरतात.

थोरल्या गाईवर तसाच अर्ध्या रक्ताचा वळू सोडला असता तर? रक्त ५० टक्केच राहिलं असतं, पण जोम तरीही अर्ध्यावर आला असता. वर कालवडी एकसारख्या निघाल्या नसत्या. एक आजीसारखी, एक आजोबासारखी, एक कुणासारखीच नाही.

रवंथ
गणिती, सरासरीपेक्षा वर म्हणजे चांगल्या जातीपेक्षा वर का? आमच्याकडे असंच समजतात की संकरित गाय शुद्ध एचएफपेक्षा जास्त दूध देते.

गणिती_बैल
नाही. उदाहरणापुरते आकडे घ्या. एक जात ८ लिटरची, दुसरी २८ लिटरची. सरासरी १८. संकर २० लिटरवर गेला तर जोम झाला २ लिटर, म्हणजे ११ टक्के. पण २० हे २८ पेक्षा कमीच आहेत. शुद्ध एचएफला तिच्या मायदेशासारखं थंड हवामान, खुराक आणि औषधपाणी मिळालं तर नुसत्या दुधात ती पुढेच राहील. उष्ण हवेत तिचे २८ चे १६ होतात, आणि मग संकर तिलाही मागे टाकतो. कोण जिंकणार हे गोठा ठरवतो.

पशुवैद्य_निवृत्त
गणितींचं बरोबर आहे. पण एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. जोम सगळ्या गुणांना सारखा मिळत नाही.

जे गुण आई-बापांकडून पोरात ठळकपणे उतरतात, उदाहरणार्थ दुधातली फॅट, मांसाची प्रत, शरीराचा सांगाडा, त्यांच्यात संकरजोम अगदी थोडा मिळतो. जे गुण निवडीने फार हळू सुधारतात, म्हणजे गाभण राहणं, वासरू जगणं, रोगाशी टक्कर, गाईचं गोठ्यातलं आयुष्य, तिथे जोम भरपूर मिळतो. दूध या दोघांच्या मध्ये बसतं. म्हणून कालवडींचं दूध फारसं घसरलं नाही, एचएफचं रक्त वाढल्याने उलट थोडं वाढलं. घसरलं ते गाभण राहणं आणि तब्येत. कडबाकुट्टींनी लिहिलेली लक्षणं वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही.

याचा सर्वात चांगला पुरावा मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंवर मिळाला. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या क्ले सेंटरला सरकारी पशुसंशोधन केंद्र आहे. तिथे हेरफोर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न या तीन जातींचे आपापसात संकर करून वर्षानुवर्षं मोजमाप झालं. वळू दाखवलेल्या दर गाईमागे दूध तुटेपर्यंत वासराचं किती वजन हाती आलं, हे माप धरलं. संकराने ते सुमारे २३ टक्क्यांनी वाढलं. त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा वासरू संकरित असण्याचा नव्हता, आई संकरित असण्याचा होता. संकरित आई जास्त वेळा गाभण राहिली, तिला दूध जास्त होतं, तिची वासरं जास्त जगली. एकेका गुणातला फायदा किरकोळ होता, पण सगळे एकावर एक चढत गेले.

चिंगीची_आई
डॉक्टर, गोचीड तापाचं जरा सांगा ना. आमच्याकडेही पाऊण रक्तवाल्याच जातात.

पशुवैद्य_निवृत्त
ताई, गोचीड ताप, म्हणजे थायलेरिओसिस, गोचिडातून येतो. साहिवालसारख्या आपल्या जाती या जंतूबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यात. त्यांनाही लागण होते, पण ताप सौम्य राहतो आणि बहुतेक जनावरं आपली आपण सावरतात. युरोपातल्या जातींची या जंतूशी ओळखच नाही. म्हणून त्यांचं रक्त जसं वाढतं तसा हा आजार जड जातो. खांद्यापुढची किंवा मांडीपुढची गाठ सुजून हाताला लागली आणि ताप १०५ च्या पुढे गेला की थांबू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. बुपार्वाक्वोनचं इंजेक्शन लवकर दिलं तर जनावर वाचतं. डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडेपर्यंत वाट पाहिलीत तर फार उशीर झालेला असतो.

खुराडा
गाईवाल्यांनो, तुम्ही ज्यावर भांडताय तो प्रश्न कोंबडीवाल्यांनी कधीच सोडवून टाकलाय.

बाजारातलं ब्रॉयलर पिल्लू चार वेगवेगळ्या ओळींचा संकर असतं. बापाकडच्या दोन ओळी वाढीसाठी आणि छातीच्या मांसासाठी निवडलेल्या, आईकडच्या दोन अंड्यांसाठी. वाढ आणि अंडी एकाच पक्ष्यात कोंबायला गेलं की दोन्ही बिघडतात, कारण फार झपाट्याने वाढणारी कोंबडी अंडी कमी घालते. म्हणून गुण वेगवेगळ्या ओळींत सांभाळायचे आणि शेवटच्या पिढीत एकत्र करायचे.

अंड्यावरच्या काही जातींत तर पिल्लू नर की मादी हे रंगावरूनच कळतं. सोनेरी जनुकाचा नर आणि चंदेरी जनुकाची मादी. उबवण यंत्रातून ट्रे बाहेर आला की पिवळट-पांढरी पिल्लं नर आणि तांबूस पिल्लं माद्या. हातात धरून शेपटीखाली बघायची गरजच नाही.

पण याच पिल्लांना मोठं करून त्यांच्याच अंड्यांतून पुढची पिढी काढली तर सगळी खिचडी होते. रंगाचीही आणि वाढीचीही. म्हणून आम्ही दरवेळी नवी पिल्लं आणतो. तुम्हीही दरवेळी नवी पहिल्या संकराची कालवड आणा, विषय संपला.

गोधन_गौरव
हा सगळा विदेशी जातींचा फसवा खेळ आहे. देशी गाईचं दूध अमृत. संकर करून आपण आपलं वाण बुडवलं. ए२ दूध फक्त देशीचंच.

गणिती_बैल
गौरवजी, ए१-ए२ हा दुधातल्या बीटा केसीन या एका प्रथिनाचा फरक आहे, आणि तो एकाच जनुकावर ठरतो. आपल्या देशी जातींत ए२ खूप जास्त आहे, हे खरं. पण जर्सी आणि एचएफमध्येही ए२ सापडतं, आणि दोन्ही प्रती ए२ असलेला वळू निवडला तर संकरित गाईही ए२ देऊ शकते. तेव्हा "फक्त" काढून टाका.

संपादक
ए१-ए२ साठी वेगळे धागे आहेत, तिथे भरपूर मारामारी झालेली आहे. इथे नको.

गोधन_गौरव
ठीक. पण वाण बुडण्याचं बोललो ते तरी उत्पादनाशी जोडलेलंच आहे ना?

पशुवैद्य_निवृत्त
आहे, अगदी थेट जोडलेलं आहे, आणि खुराडासाहेबांच्या सल्ल्याची अडचणही तिथेच आहे.

पहिल्या संकराची कालवड हवी तर शुद्ध देशी गाय हवी. ती गाय वर्षा-सव्वा वर्षाला एक वासरू देणार, त्यातलं निम्म्या वेळा खोंड. एका कोंबडीची वर्षात शेकड्याने पिल्लं निघतात, एका डुकरिणीची वीस-पंचवीस. म्हणून कोंबडीत आणि डुकरात थोडी शुद्ध पैदास बाजूला ठेवून बाकी सगळा कळप संकराचा ठेवता येतो. गाईत तसं जमत नाही. सगळ्यांनीच देशी गाईंवर एचएफ चालवलं तर उद्याची शुद्ध गाय जन्मालाच येत नाही, आणि मग संकरालाही आई उरत नाही. म्हणून संकराला देशीचा शत्रू म्हणणारे आणि देशीला भंगार म्हणणारे, दोघांचाही हिशोब अर्धाच आहे.

आता लिंगनिर्धारित वीर्याने दहातल्या नऊ कालवडी मिळू शकतात, त्याने जरा सुसह्य झालंय. ब्राझीलवाले आणखी पुढे गेले. चांगल्या गीर गाईंची अंडबीजं काढून त्यांवर होल्स्टीनचं वीर्य वापरतात, प्रयोगशाळेत भ्रूण बनवतात आणि ते साध्या गाईंच्या पोटी वाढवतात. म्हणजे उत्तम गीर गाईला पहिल्या संकराच्या वासरासाठी स्वतः गाभण राहावं लागत नाही. आणि गीर त्यांच्याकडे गेली कुठून, हे इथे कुणाला सांगायला नको.

रवंथ
वाचनखूण साठवली.

तीन_धारा
डुकरांचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. (वराहपालनाचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, पण संकराची पद्धत सगळ्यात शिस्तशीर इथेच पाळली जाते.) लार्ज व्हाइट आणि लँडरेस यांची संकरित मादी ठेवायची, कारण या दोन्ही जाती पिल्लं जास्त देतात आणि सांभाळतात. तिच्यावर ड्युरॉक किंवा पिएत्रेनचा नर. तो मांसाळ. मादी संकरित म्हणून आईपणाचा जोम पूर्ण, पिल्लं तिसऱ्या जातीकडून म्हणून त्यांचाही जोम पूर्ण. ही पिल्लं सगळी विकायची, एकही पैदाशीला ठेवायचं नाही.

बापाची निवड मात्र डोळे उघडे ठेवून करायची. पिएत्रेनमध्ये ताणाला बळी पडणारं एक जनुक फार पसरलेलं होतं. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेलं डुक्कर गाडीत चढवताना ताणानेच मरू शकतं, आणि कापलं तर मांस फिकट, मऊ, पाणी सुटलेलं. तपासणी करून ते हटवता येतं. संकर केला म्हणून आपोआप जात नाही.

गणिती_बैल
तीन_धारांनी चांगला मुद्दा काढला. दडलेल्या दोषांवर होल्स्टीनमधलंच उदाहरण देतो. १९६२ साली अमेरिकेत 'चीफ' नावाचा वळू जन्मला. त्याच्या मुली दुधाला इतक्या भारी की त्याचं रक्त जगभर गेलं. त्याच्यात एका जनुकाची बिघडलेली प्रत होती. एक प्रत असली तर काही होत नाही. दोन्ही प्रती आल्या तर गर्भ पोटातच मरतो. मालकाला एवढंच दिसतं की गाय उलटली. हे जनुक नेमकं सापडायला अर्धशतक लागलं. शुद्ध जातीच्या आत रक्ताची नाती घट्ट झाली की अशा प्रती एकमेकींना भेटायची शक्यता वाढते. दुसऱ्या जातीचा बाप आला की ती भेट टळते.

तिरकस
म्हणजे सगोत्र लग्न नको, हे गाईंनाही लागू.

धनगरवाडा
मेंढ्यांचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

इंग्लंडात मेंढ्यांची उतरंडच लावलेली आहे. उंच डोंगरावर काटक जातीची मेंढी, गवत कमी, थंडी फार. तिला चार-सहा वेत तिथे होऊ देतात. मग खालच्या पट्ट्यात आणून ब्ल्यूफेस्ड लेस्टरचा नर देतात. ती संकरित पोरगी जुळी देणारी, दुधाळ. तिला 'म्यूल' म्हणतात. तिच्यावर सखल भागात टेक्सेल किंवा सफोकचा नर, आणि ती कोकरं कापायला. प्रत्येक जात तिला झेपेल त्याच जागी राहते. मांसाळ मेंढी डोंगरावर चढवायचा हट्ट कुणी करत नाही.

आपल्याकडचं उदाहरण फलटणच्या निंबकर संस्थेचं. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी आकाराने अगदी लहान, पण तिच्यात फेकबी नावाचं जनुक आहे. त्याची एक प्रत असली तरी बहुतेकदा जुळी होते. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. त्यांनी संकर आणि पुन्हा संकर करून हे जनुक दख्खनीत आणलं, आणि अंगाने मेंढी दख्खनीच ठेवली. ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनोतही हेच जनुक आहे, आणि तेही अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून बोटीने गेलेल्या मेंढ्यांकडून आलं असं मानतात.

पण माझा अनुभव असा की जुळी झाली म्हणून दुप्पट कोकरं हाती येतात असं नाही. मेंढीला चारा कमी पडला की एक कोकरू आईच्या मागे राहतं. चरायला निघाल्यावर थोरलं बरोबर पळतं आणि धाकटं पाठीमागे बें बें करत बसतं. त्याला वरचं दूध पाजायला माणूस हवा. तो नसेल तर एकुलतं धडधाकट कोकरू बरं.

गणिती_बैल
धनगरवाडा, +१. आणि तुमच्या उदाहरणात एक वेगळेपण आहे. हा संकरजोम नाही. संकर इथे फक्त एक जनुक एका जातीतून दुसऱ्या जातीत पोचवायला वापरलाय. जोम पुढच्या पिढीत पातळ होतो, पण असं जनुक तपासणी करून जपलं की टिकतं. सेनेपोल गाईतलं आखूड, गुळगुळीत केसांचं जनुकही असंच आहे. ते होल्स्टीनमध्ये आणलं की गाय उष्णता जास्त सोसते.

हौशी_पशुपालक
म्यूलवरून आठवलं. खेचर घोड्यापेक्षा चिवट असतं तोही संकरजोमच ना? मग खेचराला पिल्लं का होत नाहीत?

पशुवैद्य_निवृत्त
घोड्याला गुणसूत्रं ६४, गाढवाला ६२, खेचराला ६३. जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून बीजं तयार होत नाहीत. पण नुसत्या विषम आकड्याने वांझपण येतंच असं नाही. आपल्या मुऱ्हासारख्या नदीकाठच्या म्हशीला ५० गुणसूत्रं, आग्नेय आशियातल्या दलदलीच्या म्हशीला ४८. त्यांच्या संकराला ४९, आणि तरी माद्या गाभण राहतात, चांगल्या राहतात. तिथे दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झालेली आहेत, एवढाच मोठा फरक आहे.

गुणसूत्रांइतकाच त्रासाचा विषय म्हणजे विण्याचा. वयात न आलेल्या किंवा वजनाने लहान कालवडीला मोठ्या अंगाच्या वळूची कांडी भरली की रात्री फोन येतोच. दोन पाय बाहेर, जीभ निळी पडून बाहेर लोंबतेय, आणि दोराला चार माणसं सारखी ओढतायत. पहिलं काम त्यांना थांबवायचं. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, एक पाय पुढे, मग दुसरा, आणि खांदे सुटले की दिशा खाली तिच्या खुरांकडे.

यात एक गंमत आहे. बाप कोण आणि आई कोण यानेही वासराचं वजन बदलतं. अमेरिकन ब्रॅह्मन हा आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाखोऱ्यातल्या जातींपासून तयार झालेला. त्याचा नर अँगस गाईवर दिला तर वासरं मोठी होतात, विशेषतः खोंड. उलट अँगसचा नर ब्रॅह्मन गाईवर दिला तर वासरं लहान. रक्ताचं प्रमाण तेच, पण वजनं वेगळी. म्हणून नुसतं "एवढं टक्के" लिहून भागत नाही.

चिंगीची_आई
हे माहीत नव्हतं. म्हणजे गीर गाईला एचएफ देणं त्यातल्या त्यात सुरक्षित, उलटं नाही. बरोबर?

पशुवैद्य_निवृत्त
साधारण हो. तरी गाय लहान अंगाची असेल तर जर्सी बरी.

कडबाकुट्टी
धागा मेंढ्या-खेचरांपर्यंत गेला, छान वाटलं. पण माझ्या कालवडींचं काय? शुद्ध गीरवर परत जाऊ? की पाऊणवरच राहून पंखे-फॉगर लावू?

मोठा_गोठा
मी दुसऱ्या बाजूने बोलतो. पाऊण आणि त्यापुढच्या रक्ताच्या गाई आम्ही सांभाळतो आणि त्यातून कमावतो. पण मुक्त गोठा आहे, छप्पर उंच, पंखे आणि पाण्याचे फवारे ठरलेल्या वेळी सुरू, बारा महिने मुरघास, गोचिडांवर वेळापत्रकाने फवारणी. हे सगळं असेल तर रक्त वाढवायला घाबरू नका. नसेल तर वाढवू नका. थोडं आहे थोडं नाही, अशा गोठ्यातच या गाई मार खातात. "सोय करू हळूहळू" म्हणत आधी रक्त वाढवणारे खूप पाहिलेत.

गणिती_बैल
सहमत. १९८७ साली अन्न व कृषी संघटनेने एक मोठा आढावा काढला होता, उष्ण प्रदेशांतल्या अशा संकरांचा. निष्कर्ष साधा होता. परदेशी रक्त ५० टक्क्यांपर्यंत नेलं की दूध जवळजवळ सरळ रेषेत वाढतं. त्यापुढे रेषा आडवी होते. आणि पहिल्या संकराचे नर-मादी आपापसात जुळवले की पुढच्या पिढीत घसरण दिसते.

आता दूध मोजायचं कसं, याचा एक हिशोब. आकडे कल्पनेतले आहेत. एक गाय वेताला ६,००० लिटर देते, पण दीड वर्षाला एकदा विते आणि दोन वेतांनंतर विकावी लागते. दुसरी वेताला ४,००० लिटर देते, तेरा महिन्यांनी विते आणि सहा वेतं टिकते. दोघी अडीच वर्षांच्या असताना पहिल्यांदा व्याल्या. पहिलीच्या जन्मापासूनच्या ६६ महिन्यांत दूध १२,००० लिटर, महिन्याला सुमारे १८२. दुसरीच्या १०८ महिन्यांत २४,०००, म्हणजे महिन्याला २२२. बादली बघितली तर पहिली भारी. वर पहिलीच्या जागी नवी कालवड वाढवायचा खर्च आहेच.

तिरकस
बादलीचा फोटो गटावर टाकता येतो. २२२ चा फोटो कसा काढायचा?

मोठा_गोठा
तिरकसराव, फोटोनेच धंदा बुडवलाय लोकांचा.

पशुवैद्य_निवृत्त
कडबाकुट्टी, आता तुमच्याकडे येतो. तुमच्या कालवडीत एचएफ ७५, गीर २५. पर्याय असे आहेत.

शुद्ध गीर किंवा साहिवालचा बाप दिला तर पुढची पिढी ३७.५ टक्के एचएफवर येईल. काटक होईल, जोमही चांगला, पण दुधात तुम्हाला खाली आल्यासारखं वाटेल. पुन्हा एचएफ दिलं तर ८७.५ टक्के. तुमच्या गोठ्याच्या वर्णनावरून मी ते देणार नाही. अर्ध्या रक्ताचा, आईच्या दुधाची नोंद असलेला वळू मिळाला तर ६२.५ वर याल. तो आकडा जगात पुष्कळ ठिकाणी फिरून फिरून आलेला आहे. ब्राझीलची गिरोलांडो ५/८ होल्स्टीन आणि ३/८ गीर. आपली फ्रिजवाल ५/८ एचएफ आणि ३/८ साहिवाल. टेक्सासमधली सांता गर्ट्रूडिस मांसाची जात, १९४० साली मान्यता मिळालेली, तीही ५/८ शॉर्टहॉर्न आणि ३/८ ब्रॅह्मन. मात्र ५/८ मध्ये जादू नाही. तिथे पोचून थांबायचं आणि त्याच रक्तात निवड करत राहायचं, यात ती आहे. दर पिढीला नवी जात आणून ओतली तर कुठलाच आकडा टिकत नाही.

तीन_धारा
जर्सी का नको? राहुरीच्या फुले त्रिवेणी या संकरित गाईत तिन्ही आहेत की, एचएफ, जर्सी, गीर. आणि न्यूझीलंडमध्ये दुधाच्या गाईंचा सगळ्यात मोठा गट होल्स्टीन-जर्सी संकराचाच आहे.

पशुवैद्य_निवृत्त
नको म्हटलं नाही. जर्सी दिली तर पुढची पिढी ५० जर्सी, ३७.५ एचएफ, १२.५ गीर. तिसरी जात आल्यामुळे जोम पुन्हा भरपूर, अंग लहान, फॅट वाढेल. पण गीर आठव्या हिश्श्यावर आली. न्यूझीलंडला उन्हाची आणि गोचीड तापाची अशी अडचण नाही, म्हणून तिथे जमतं. तुमच्या कालवडींचं मूळ दुखणं ऊन आणि गोचीड असेल तर जर्सी अर्धंच औषध. दुधाला फॅटवर भाव मिळत असेल आणि सावली-पाण्याची सोय बरी असेल तर चालेल.

रवंथ
आणि थोरल्या गाईंना कोणत्या वळूवर भरवायचं? त्या अजून आहेत ना.

कडबाकुट्टी
रवंथ, हाच पुढचा प्रश्न होता.

गणिती_बैल
थोरल्यांना गिरोलांडो किंवा फ्रिजवालसारखा ५/८ रक्ताचा वळू दिला तर पोरं ५६.२५ वर. त्यांना आणि धाकटींच्या पोरींना, म्हणजे ६२.५ वाल्यांना, पुढे एकाच प्रकारच्या वळूवर चालवता येईल. दोन पिढ्यांत गोठा एका पट्ट्यात येतो, आणि रोज कुणाला काय द्यायचं हा घोळ कमी होतो. वळूचा नंबर मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदला. नाहीतर बाप आपल्याच मुलींवर येतो.

मोठा_गोठा
आणि कांडी भरायच्या आधी तिच्यावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, वहीत लिहा. "चांगल्या बैलाची आहे" म्हणून भरलेल्या कांडीचं रक्त किती टक्के ते देवालाच ठाऊक.

कडबाकुट्टी
समजलं. धाकट्यांतली जी सतत उलटते तिला आधी डॉक्टरांकडून तपासून घेतो, मग रेतन. बाकी दोघींना अर्ध्या रक्ताचा वळू, आईची नोंद बघून. थोरल्यांतल्या एकीला मात्र शुद्ध गीर देणार आहे. गौरवजींनी म्हटलं तसं नाही, ती सव्वातीन फुटांच्या गव्हाणीतसुद्धा सगळ्यात आधी तोंड घालते, तिचं ते खाणं पुढे यायला हवं.

गोधन_गौरव
कारण काहीही असो, गीर दिली ना. आभार.

हौशी_पशुपालक
आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्यांवर बोअरचा बोकड सोडलाय. करडं जन्मताना मोठी होतात, वाढही जोरात आहे. त्यांतल्या पाटी (मादी करडं) पैदाशीला ठेवू की सगळ्या विकू?

धनगरवाडा
बोकड सगळे विका. पाटी ठेवायच्या तर आईला जुळी झालेल्यांतल्याच ठेवा, आणि पुन्हा बोअर देण्याआधी चारा किती आहे ते बघा. सविस्तर लिहितो, नवा धागा काढा.